तळमजल्यावरची समिती

लोकांनी काय खावं हे ठरवणारी माणसं स्वतः काय खातात, ते मला बरीच वर्षं अगदी जवळून बघायला मिळालं आहे. सकाळभर तळणाच्या तेलावर गंभीर चर्चा करायची आणि दुपारी जेवणाच्या टेबलापाशी पुऱ्या संपायच्या आत पोचायचं, हा आमचा शिरस्ता. मी त्या रांगेत सहसा तिसरी किंवा चौथी असते.

मी अन्नरसायन शिकलेली बाई. कोलकात्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करते आणि देशाला अन्नाबद्दल सल्ला देणाऱ्या एका शास्त्रीय समितीची सदस्य आहे. सल्ला आम्ही द्यायचा, नियम करायचा की नाही ते सरकारने बघायचं. म्हणजे आमच्या अंगावर काही येत नाही आणि आमचं कुणी फारसं ऐकतही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसारखीच आमची गत.

आमच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच असतो, हितसंबंधाची घोषणा. ज्या पदार्थावर चर्चा व्हायची आहे त्यात आपला किंवा आपल्या घरच्यांचा काही स्वार्थ गुंतला असेल तर आधी सांगून टाकायचं, आणि तो विषय संपेपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. अध्यक्ष विचारतात, सगळे एका सुरात 'नाही' म्हणतात आणि कागदावर सह्या करतात. मीही वर्षानुवर्षं 'नाही' लिहून सही करत आले होते, आणि पेन बंद करायच्या आत विसरूनही जात होते.

मागच्या पावसाळ्यात समितीपुढे पारंपरिक मिठाई आली. खोक्यावर साखर किती ते लिहायचं, हे ठरलेलंच होतं. पण किती मिठाईतली? शंभर ग्रॅममधली लिहिली तर लोकांना बोध होत नाही. म्हणून 'एका वेळचं प्रमाण' ठरवायला घेतलं. इथे जो गोंधळ झाला तो विचारू नका. राजस्थानकडचे एक सदस्य म्हणाले, एका वेळी एक लाडू. दक्षिणेकडच्या बाईंच्या मते अर्धा म्हैसूरपाक पुरे. मी म्हटलं, आमच्या बंगालात पाहुण्याच्या बशीत एकच मिठाई ठेवली तर तो पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पूर्वेकडचे आकडे तुम्हीच आणा म्हणून सांगितलं. समितीत जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे मला ठाऊक होतं, पण जिभेला हाड नाही त्याला काय करणार.

आता बाबांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

आई गेल्यावर मी बाबांना सांगलीहून कोलकात्याला, बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. अठ्ठ्याहत्तरीचे बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म रस्त्याची खडी आणि पुलाचे खांब मोजण्यात गेला. खोटं मोजमाप लिहायचं नाही, या हट्टापायी त्यांनी बदल्याही भरपूर झेलल्या. इथे त्यांना भाषा येईना, मोहरीच्या तेलाचा वास सोसेना, आणि बोलायला कुणी मिळेना. माझा नवरा महिन्यातले वीस दिवस कंपनीच्या कामाने ईशान्येकडे, मी दिवसभर प्रयोगशाळेत. बाबांनी आपली चॉकलेटी बॅग पलंगाखाली ठेवली होती, तीही पूर्ण न उपसता. दर आठवड्याला एकदा ते म्हणत, मी आपला सांगलीला जातो, डबा लावीन. मी घाबरून विषय बदलत असे. सांगलीच्या त्या बंद घरात ते एकटे पडले तर मला कळणारसुद्धा नाही, याची मला रात्रंदिवस धास्ती होती.

त्यांची साखर सीमारेषेवर आली होती. मग काय, मी पडले तज्ज्ञ. फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी भिजवलेली मेथी, अकराला ताक, चारला भाजलेले चणे. गोड बंद. रात्री जेवताना मी त्यांना आमच्या कामाच्या गोष्टी सांगायची. पदार्थाची चव तपासताना नमुन्यांना नाव न देता आकडे कसे देतात, दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाण्याने चूळ कशी भरतात, परीक्षकांनी एकमेकांकडे बघायचंसुद्धा कसं नसतं. बाबा मन लावून ऐकत आणि मोजके प्रश्न विचारत. मला वाटायचं, बिचाऱ्यांना लेकीचं कौतुक.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यानंतर केव्हातरी ते सांगलीचं नाव घेईनासे झाले. चेहऱ्यावर तकाकी आली. दुपारी चारला ते पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरत आणि साडेपाचला प्रसन्न होऊन वर येत. मी फोनवर बहिणीला सांगितलं की हा सगळा मेथीचा गुण आहे. त्याच सुमारास माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा हरवला. कामवालीला मी आडून आडून विचारलं, ती फुरंगटून दोन दिवस आली नाही. काट्याचा आणि मेथीचा संबंध मला कसा सुचावा.

तर मिठाईचे आकडे. आमची पद्धत अशी असते की माणसापुढे फॉर्म घेऊन बसायचं आणि काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते आठवून सांगायला लावायचं. मी फॉर्म तयार केले आणि आमच्या इमारतीत, शेजारच्या गल्लीत, प्रयोगशाळेत फिरले. लोक माझं पद ऐकत, सावरून बसत आणि सांगत की गोड असं मी खातच नाही, काल आपला एक छोटासा संदेश. चाळीस फॉर्म भरले आणि चाळीस छोटे संदेश निघाले. आमच्या नाक्यावरच्या मिठाईच्या दुकानातली काचेची कपाटं रोज संध्याकाळी सातच्या आत रिकामी होतात, ती बहुधा मुंग्या करत असाव्यात.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. हे सगळं दुर्गापूजेनंतरच्या पंधरवड्यात केलं. त्या दिवसांत इथे घरोघरी विजयेच्या भेटी चालतात. मोठ्यांच्या पाया पडायचं आणि समोर येईल ते खायचं, नाही म्हणायची सोय नाही. दहा वर्षं कोलकात्यात राहून मला हे आठवलं नाही, कारण मी हातात फॉर्म घेऊन निघाले की दुसरं काही बघत नाही. ज्या घरात 'आम्ही गोड खात नाही' असं लिहून घेतलं, त्याच घरात माझ्यापुढे नारळाचे लाडू, निमकी म्हणजे खाऱ्या शंकरपाळ्या आणि दोन प्रकारचे संदेश आले. एका दिवसात सात घरं झाली, आणि कितीही हात राखला तरी घरटी एक मिठाई पोटात गेलीच. दुसऱ्या दिवशी नमुन्यादाखल माझा स्वतःचाही फॉर्म भरायचा होता. 'काल खाल्लेल्या मिठाया' या रकान्यात मी 'दोन' लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाज वाटली, पण खोडलं नाही.

शेवटचा फॉर्म राहिला होता तळमजल्यावरच्या मास्टरमशायांचा. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पंचाहत्तरीचे, एकटे राहतात. त्यांना मी फॉर्म नुसताच देऊन आले होते. परत आला तो पाहून मी जागच्या जागी बसले. एका दिवसाऐवजी त्यांनी मागे पुरवणी जोडून एकवीस दिवसांची माहिती दिली होती. प्रत्येक मिठाईचं नाव, दुकान, अख्ख्या नगाचं वजन, खाल्लेल्या भागाचं वजन, उरलेल्याचं वजन. 'सदस्य १' आणि 'सदस्य २' असे दोन रकाने. अशी माहिती मिळावी म्हणून आमच्या क्षेत्रातली माणसं देव पाण्यात घालून बसतात. मी हरखून गेले. मग माझ्या लक्षात आलं की सगळे आकडे देवनागरी आहेत आणि मास्टरमशायांना देवनागरी नीट लिहिता येत नाही. मग नऊच्या आकड्याची ती लांब ओढलेली शेपटी दिसली. ती शेपटी मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीखालच्या तारखेत दर वर्षी पाहिली होती. सदस्य १, पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर.

दुसरा कुणी असता तर त्याने 'एक छोटासा संदेश' लिहून सुटका करून घेतली असती. पण बाबांच्या पुढ्यात मोजमापाचा कागद आला होता, आणि तो चुकीचा भरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. स्वतःच्या हाताने आपला कबुलीजबाब भरून त्यांनी तो माझ्याच घरी पाठवला होता.

मी त्यांना फार बोलले. तक्ता, साखर, डोळे, मूत्रपिंडं, सगळं काढलं. एवढी देशाला सल्ला देणारी मी आणि माझ्याच दिव्याखाली हा अंधार, असंही म्हणाले. बाबा खाली मान घालून चणे खात होते. खाली जायचं नाही म्हणून मी बजावलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. पुढचे दोन दिवस ते चार वाजता गॅलरीत उभे राहिले आणि घरात शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण मी बरोबर होते.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून लवकर आले. घरात बाबा नव्हते. पलंगाखाली वाकून पाहिलं तर चॉकलेटी बॅगही नव्हती.

ते हावडा स्टेशनला गेले, एकटे गेले, त्यांना टॅक्सीवाल्याशी बोलता येणार नाही, आणि हे मी केलं, एवढंच मनात येत राहिलं. चपला न घालता जिने उतरले. मास्टरमशायांचं दार उघडंच होतं. आत टेबलापाशी बाबा बसले होते, आणि खुर्चीवर चॉकलेटी बॅग, तोंड उघडून. तिच्यातून माझा वजनकाटा निघाला होता, सहा वाट्या, चार चमचे, कोमट पाण्याचा थर्मास आणि बांधकाम खात्यात असते तशी लांबट मोजमापवही. कपडे एकही नव्हते. ते वर कपाटात घडी करून ठेवलेले मी नंतर पाहिले. गेल्या हिवाळ्यापासून तिथेच होते, आणि ते कपाट मी कधी उघडलंच नव्हतं.

दोघांचा चेहरा पकडलेल्या पोरांसारखा झाला. मास्टरमशायांनी घाईघाईने हिंदी-बंगालीत खुलासा केला की बाबा सगळं सामान मोजून आवरायला आणि काम बंद झाल्याची नोंद करायला आले आहेत. "आज आखरी मीटिंग है, मा," ते म्हणाले.

मी ती वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. दहा महिन्यांचं काम होतं. रोज दोन दुकानांतून एकेक नग. मास्टरमशाय आणत, बाबा डोळे मिटून बसत. दुसऱ्या दिवशी उलट. नमुन्यांना आकडे. छान्याचा, म्हणजे ताज्या पनीरचा, रवाळपणा, गुळाचा वास, गोडी, प्रत्येकाला दहापैकी गुण. अर्धा नग सदस्य १, अर्धा नग सदस्य २. खाली दोघांच्या सह्या. बैठकीच्या सुरुवातीला हितसंबंधाची घोषणासुद्धा होती. एका पानावर मास्टरमशायांनी कळवलं होतं की एका दुकानाचा मालक आपला माजी विद्यार्थी आहे, म्हणून त्या दिवशी त्यांनी मत दिलं नव्हतं. मी जेवताना जे जे सांगितलं होतं ते सगळं इथे कसोशीने पाळलं होतं. माझ्या प्रयोगशाळेत ते इतकं पाळत नाहीत. फक्त नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, दिवसांत 'निकालाबद्दल शंका, पुनर्चाचणी' असा शेरा जरा जास्तच वेळा होता. एका दिवशी चार पुनर्चाचण्या झाल्या होत्या.

मी विचारलं, हे असं लपून का. मला सांगितलं असतं तर.

बाबांनी वाट्या बॅगेत भरता भरता उत्तर दिलं. "दोन वर्षं झाली इथं येऊन. काय खायचं, कधी खायचं, किती खायचं, सगळं तू सांगतीस. मला कसं लागलं, ते कुणी विचारत नाही. हा रोज चार वाजता विचारतो."

देशातल्या माणसांना काय आवडतं याची माहिती गोळा करत मी दारोदार हिंडले होते, आणि माझ्या घरातला फॉर्म कोरा राहिला होता. मला रडू आलं आणि मी दोघांसमोर रडले. मास्टरमशायांनी पाणी दिलं. ते कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं रक्त तपासून घेतलं. साखर होती तिथेच होती. माझ्या मेथीने ती उतरली नव्हती आणि त्यांच्या संदेशाने चढलीही नव्हती. शास्त्राच्या दृष्टीने हा निकाल निराशाजनक होता, म्हणून तो मी बाबांना दोन दिवस सांगितला नाही. मग डॉक्टरांना विचारून तक्त्यातले चारचे चणे खोडले. पुनर्चाचणी मात्र आठवड्यातून एकदाच, अशी अट घातली. तळमजल्यावरच्या समितीने ती चर्चेअंती मान्य केली. चर्चेला तीन दिवस लागले.

माझा स्वतःचा फॉर्म काढून 'दोन'च्या जागी 'सात' लिहिलं. चाळीस छोटे संदेश तसेच पाठवले आणि वर एक टीप जोडली, की हे आकडे जमवणाऱ्या तज्ज्ञाला लोक घाबरतात, शिवाय तिने ते विजयेच्या दिवसांत जमवले, सबब फारसा विश्वास ठेवू नये. आणि दोघांच्या परवानगीने त्या वहीची प्रतही पाठवली.

समितीची बैठक जानेवारीत झाली, ऑनलाइन. मी घरूनच बसले. दुपारी साडेतीनच्या सुमारास मिठाईचा विषय आला आणि अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पडद्यावरच्या चौकोनांतून एकेक 'नाही' येत गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आहे.

सगळ्या चौकोनांतली डोकी वर झाली. अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा हितसंबंध. मी सांगितलं, माझ्या वडिलांचा. ते कुठल्या कंपनीत आहेत, असं विचारलं गेलं. कंपनीत नाहीत, म्हटलं, याच विषयावरच्या दुसऱ्या एका समितीचे ते सदस्य आहेत, आणि तुमच्यापुढची वही त्यांची आहे. राजस्थानकडचे सदस्य हसले. म्हैसूरपाकवाल्या बाई हसल्या नाहीत. त्या वही उलगडून वाचत होत्या आणि म्हणाल्या की असली मोजणी त्यांनी तीस वर्षांत पाहिली नाही. तरी नियम तो नियम. माझ्या पडद्यावर, यजमान तुम्हाला थोड्या वेळाने आत घेतील, अशी पाटी आली. माझ्याच विषयातून मी बाहेर गेले होते.

पाटीकडे पाहत किती वेळ बसणार. लॅपटॉप तसाच ठेवला आणि खाली गेले.

बैठक रंगात होती. टेबलावर दोन बशा, त्यांत गुळाचं पाणी पोटात असलेले दोन जलभरा संदेश, आणि दोन्ही सदस्य एकमेकांवर नाराज. मतं समसमान पडली होती. दोनच सदस्य असल्यावर दुसरं काय होणार. मास्टरमशायांनी मला पाहिलं आणि तिसरी खुर्ची ओढली. बाबांनी वाटीत कोमट पाणी ओतलं, मला चूळ भरायला लावली, डोळे मिटायला सांगितले. जिभेवर आधी गार छाना आला आणि मग एकदम गूळ फुटला. दुसऱ्या नमुन्यातही तसंच झालं, पण गूळ जरा करपट होता. डोळे उघडले तर बाबा पेन उघडून माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

मत माझ्या ओठांवर होतं, पण सवय जाते कुठे. मी म्हटलं, आधी सांगते, सदस्य क्रमांक एक माझे वडील आहेत. आत्ताच एका समितीने मला त्यापायी बाहेर काढलंय.

बाबांनी वहीत माझ्यासाठी तिसरा रकाना आखला. पट्टी लावून, सरळ.

"लिहून घेतलं," ते म्हणाले. "आमच्याकडं त्यासाठी कुणाला बाहेर घालवत नाहीत."